डॉक्टरांच्या कोटावरचा कोळी

दचकू नका, मित्रांनो! मी कोळी असलो तरी आजवर कुणाला चावलेलो नाही. आणि कोळी म्हणजे होडीत बसून जाळे टाकणारा नव्हे, भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा. मी चांदीचा आहे, माझ्या पोटाखाली पिन आहे आणि आता मी चांगलाच जुना झालो आहे.

माझा जन्म बापलेकीच्या एका छोट्या दुकानात झाला. पुढे काचेचे कपाट आणि मागे भट्टीची खोली, एवढाच त्याचा पसारा. वडील चांदीचे चमचे घडवत. असे चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती, पण तिचा सगळा जीव किड्यामुंग्यांत. खिडकीच्या कोपऱ्यात एका कोळ्याने बिऱ्हाड थाटले होते. वडील झाडू घेऊन आले की ती आडवी येई.

"बाबा, राहू द्या ना त्याला. मला त्याचे पाय बघायचेत."

"बघ बाई, बघ. चहापण विचार त्याला!"

तिने भिंगातून त्याला मनसोक्त पाहिले. मग चांदीची तार ओढून ओढून बारीक केली आणि माझे आठ पाय वळवले. पोट आतून ठोकून फुगवले. डोक्यावर मोहरीहून लहान असे आठ मणी बसवले. ते माझे डोळे. हो, बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, मित्रांनो! माझ्या पाठोपाठ एक भुंगा, एक गोगलगाय आणि एक चतुर अशी भावंडेही झाली.

वडिलांनी आम्हाला उलटसुलट करून पाहिले. "काम झकास आहे," ते म्हणाले. "पण लोक अंगावरचा कोळी झटकतात गं, मिरवत नाहीत."

लेक हट्टाला पेटली. शेवटी असे ठरले, की थंडी सरेपर्यंत आम्ही कपाटात राहायचे. तोवर कुणी नेले नाही तर आम्हाला वितळवून चमचे करायचे. हे ऐकून माझे आठही पाय गार पडले. तसे ते एरवीही गारच असतात म्हणा!

गिऱ्हाइके येत, आम्हाला बघून "शी!" म्हणत आणि चमचे घेऊन जात. थंडी सरत आली तेव्हा लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई भाचीसाठी चमचा घ्यायला आल्या. कपाटावर वाकल्या, किंचाळल्या आणि मग खो-खो हसत सुटल्या.

"हा माझ्या कोटावर बसला, तर मुलं सुईकडे बघणारच नाहीत!"

अशी माझी सुटका झाली. भावंडे मात्र मागेच राहिली.

घरी आल्यावर डॉक्टरांनी कोट खुंटीला अडकवला आणि त्या हातपाय धुवायला गेल्या. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई तिथून चालल्या होत्या. "अगं बाई, कोळी!" म्हणत त्यांनी चप्पल उचलली आणि फटाक! माझा एक पाय तुटून जमिनीवर पडला.

"हा तर दागिना निघाला!" सासूबाई ओशाळल्या. "मला आधी सांगायचं नाही का गं?"

दुसऱ्या दिवशी तुटका पाय खिशात टाकून डॉक्टर मला तसाच लावून दवाखान्यात गेल्या. तिथे हनुवटी फुटलेली एक मुलगी आली. टाके घालावे लागणार होते आणि ती आईला लाथा झाडत होती. एवढ्यात तिला मी दिसलो. रडणे थांबले.

"याचा एक पाय कुठंय?"

"माझ्या खिशात," डॉक्टर म्हणाल्या. "तुझी हनुवटी शिवली की त्याचा पाय जोडायला जाणार आहे."

"मग मीपण येणार. एकट्याला भीती वाटेल त्याला."

टाके घालून होईपर्यंत तिने मला मुठीत घट्ट धरून ठेवले होते. थरथरत कोण होते, ते मी सांगणार नाही.

हनुवटीवर पट्टी लावून ती आईसोबत आणि डॉक्टरांसोबत दुकानात आली. मागच्या खोलीत भट्टी पेटली होती. चांदी वितळवायच्या भांड्यात, म्हणजे मुशीत, माझी तिन्ही भावंडे पडलेली होती. लेक तोंड फिरवून उभी होती आणि वडील चिमट्याने मूस उचलत होते.

"थांबा! आधी याचा पाय!" मुलगी ओरडली.

वडिलांनी मूस खाली ठेवली. मला हातात घेऊन निरखले. "हे कुणी केलं?"

"सासूबाईंनी," डॉक्टर म्हणाल्या. "चपलेनं. खराच वाटला त्यांना."

वडील इतके हसले, की चष्मा नाकावरून घसरला. "आयुष्यभर चमचे घडवले," ते म्हणाले, "पण माझ्या चमच्याला कुणी चप्पल मारली नाही! पोरी, तू जिंकलीस. त्या तिघांना काढ मुशीतून आणि कपाटात पुढं ठेव."

लेकीने मला चिमट्यात धरले आणि वडिलांनी स्वतः चांदीचा डाग देऊन माझा पाय जोडला. मुलीने लगेच विचारले, "खेकडा जमेल का?"

"मला नाही जमायचा," वडील म्हणाले. "हिला विचार."

पुढे खेकडाही झाला आणि टोळही. मी वर्षानुवर्षे कोटावर बसून मुलांच्या बोटांनी गुळगुळीत झालो. सासूबाई मला मऊ फडक्याने पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत, "माझ्या हातचा मार खाल्लाय यानं!"

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मी एका डबीत गेलो. तिथे मी काळाकुट्ट झालो. कुणी माझा रागराग केला नव्हता. फक्त विसरले होते. परवा सुईदोरा शोधताना डॉक्टरांना डबी सापडली आणि त्यांनी मला कोमट साबणाच्या पाण्यात अंघोळ घातली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या डबीत, कपाटाच्या तळाशी कुणाच्या तरी हातची वस्तू काळी पडत असेल. तिला बाहेर काढा. खसाखसा घासू नका, हलक्या हाताने पुसा. मोडली असेल तर दुरुस्त करून घ्या. आणि जपायची म्हणून पुन्हा बंद करू नका, वापरा. वापरून झिजलो तरी चालेल, पण आम्हाला माणसांत राहू द्या.

आत्ता डॉक्टर मला लावून बागेतल्या बाकावर बसल्या आहेत आणि माझ्या पाठीवर ऊन पडले आहे. शेजारचे आजोबा वर्तमानपत्राआडून मघापासून माझ्याकडे बघत आहेत. आता त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. विचारणार बहुतेक!