झाकणाचा फरक

नणंदेला प्रयोगशाळेत मीच चिकटवलं होतं, त्यामुळे तिचा आकडा माझ्या आकड्याशी जुळेना तेव्हा सगळ्यात जास्त संताप मलाच आला. उद्या लोक म्हणणार, वहिनीचा वशिला, दुसरं काय! पाणी ओतलं की तापणारी, जेवणाचा डबा गरम करायची पुडी तपासायची होती. गिऱ्हाइकाला त्या पुडीच्या एन्थाल्पीतला बदल, म्हणजे तिच्या उष्णतेचा एक ठरावीक हिशोब, हवा होता. मी उघड्या भांड्यात मोजलं, तिने घट्ट झाकणाच्या पोलादी भांड्यात. तिची उष्णता दर वेळी थोडी जास्त भरायची.

साहेब म्हणाले, चुकीचा आकडा देणाऱ्याला कायम कसं करणार? तिची उमेदवारीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती गप्प. मी मात्र घरी येऊन भांडी आपटली. नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "तापता तुम्ही दोघी सारख्याच. ती तोंड मिटून, तू उघडून. तुझी बरीचशी ताकद समोरच्याला हुसकावण्यातच जाते."

मी त्याच्यावरही डाफरले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. चूक असती तर तिचा आकडा कधी वर, कधी खाली गेला असता. हा आपला नेमाने तेवढाच वर. पुडीतून वायू सुटतो. उघड्या भांड्यात त्याला बाहेरची हवा ढकलून जागा करावी लागते, आणि त्या ढकलण्याचा खर्च उष्णतेतूनच जातो. बंद भांड्यात ढकलायचं काही नाही, म्हणून उष्णता पुरती हाती लागते. उष्णता दोघींनीही खरीच मोजली होती. पण एन्थाल्पीतला बदल म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब कायम असताना मिळणारी उष्णता, आणि ती माझ्या भांड्यातली. तिच्या आकड्यातून ढकलण्याचा खर्च वजा केला की माझाच आकडा येत होता.

सकाळी साहेबांपुढे मी ती वजाबाकी मांडली. त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि तिला कायम केलं. मला इतका आनंद झाला की जिन्यातच तिचा हात धरला.

ती म्हणाली, "वहिनी, मला हे आधीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस? नोकरी जात होती ना तुझी."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

ऐकलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.