नऊ सेकंदांची कुसाबाई

हर्षलला पहिला संशय आला तो कुसाबाईच्या वक्तशीरपणाचा. माणूस इतका वक्तशीर नसतो. नाशिक जिल्ह्यात तर नाहीच. कांद्याचे भाव दाखवणाऱ्या वेबसाइटवर नाव, गाव आणि फोन नंबर नोंदवलेली सायखेड्याची ही बाई सकाळी आठला यायची आणि संध्याकाळपर्यंत दर नऊ सेकंदांनी ‘ताजं करा’ हे बटण दाबायची. जेवायला उठायची नाही, डुलकी घ्यायची नाही. फक्त बुधवारी दहा ते दोन सुट्टी.

वेबसाइट नव्या सर्व्हरवर जायची होती. एकाच वेळी तिच्यावर किती माणसं असतील, हा आकडा हर्षलने द्यायचा होता. तेवढी खोटी माणसं साइटवर सोडून तपासणी करायची आणि त्या मापाचा सर्व्हर घ्यायचा. आकडा चुकला, साइट पडली, तर तुझी नोकरी कायम होणार नाही, असं मोहिनी मॅडमनी त्याला हसत सांगितलं होतं. त्या हसल्या म्हणूनच ते त्याला खरं वाटलं.

हिशोब तसा सोपा होता. तासाला बाराशे जण येतात, प्रत्येक जण दोन मिनिटं थांबतो, म्हणजे कुठल्याही क्षणी साइटवर चाळीस. मधल्या तीन दिवसांची नोंद कोरी होती, कारण त्या तिन्ही दिवशी जुनी साइट पडली होती. नोंद नाही म्हणजे कुणी आलंच नाही, असं धरून हर्षल पुढे गेला होता.

राहता राहिली कुसाबाई. मॅडमच्या मते हा कुठल्यातरी व्यापाऱ्याने सोडलेला प्रोग्रॅम होता आणि बाईचं नाव मुद्दाम घेतलं होतं, आपल्याला दया यावी म्हणून. तिला उडव आणि चाळीस लिही, असं त्यांचं म्हणणं. हर्षलच्या मनातून मात्र बुधवार जाईना. प्रोग्रॅमला कसली आलीय साप्ताहिक सुट्टी?

गुरुवारी तो मोटरसायकल काढून सायखेड्याला गेला. चहाच्या टपरीवर धोंडीराम नावाच्या गृहस्थाने त्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव विचारून घेतलं आणि कुसाबाईचं घर म्हणून त्याला नदीवर पाठवलं. तो नदीवरून परत येईपर्यंत शहरातून कुणीतरी भावाची चौकशी करायला आल्याचं गावभर झालं होतं आणि कुसाबाई स्वतः दारात उभी होती.

“तू व्यापाऱ्याचा का सरकारचा?” तिने विचारलं.

“वेबसाइटचा, मावशी.”

हे उत्तर तिला दोन्हींपेक्षा वाईट वाटलं असावं. तरी तिने आत घेतलं, नजरेसमोर राहावा म्हणून.

आत टेबलफॅन डावीउजवीकडे मान फिरवत होता. त्याच्या जाळीला सुतळीने एक काडी बांधली होती आणि काडीच्या टोकाला कांद्याची ओली फोड होती. फॅन डावीकडे वळला की फोड मोबाइलवरच्या बटणाला टेकायची आणि कांद्याचा भाव ताजा व्हायचा. हर्षलने घड्याळ लावून पाहिलं. नऊ सेकंद.

मागे एकदा नवऱ्याने, खंडेरावाने, मोबाइलवर कालचाच भाव बघून ट्रॅक्टर भरून नेला होता. तेव्हापासून कुसाबाईचा मोबाइलवर विश्वास नव्हता आणि खंडेरावावर त्याहून नव्हता. फोड सुकली की बटण लागत नसे, म्हणून ती दर तासाला बदलायची.

“आणि बुधवारी?”

“बुधवारी लाइट नाय ना.”

हर्षलचा जीव भांड्यात पडला. म्हणजे कुसाबाई ही एक बाईच होती, चाळीसातली एक. तो उठला, पण दारात सहज विचारलं, भाव चढला की काय करता?

“ग्रुपवर बोलून टाकते. दोन ग्रुप हायेत, अकराशे माणसं.”

“मग त्यांना साइट बघायची गरजच नाही.”

“बघत्यात ना,” कुसाबाई शांतपणे म्हणाली. “त्याच घडीला बघत्यात. माझ्यावर कोण इश्वास ठेवतंय?”

हर्षल पुन्हा खाली बसला. भाव एकदम कधी चढला होता ते त्याने विचारलं. तिने तीन तारखा सांगितल्या. नोंदीतल्या कोऱ्या तीन दिवसांच्या.

शुक्रवारी त्याने चाळीस खोडून अकराशे लिहिलं आणि आधार म्हणून ‘कुसाबाई, सायखेडा’. मॅडमनी कागद उजेडात धरून पाहिला. सर्व्हर विकणाऱ्याशी त्याचं काही नातं आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. फॅनचं ऐकल्यावर तर त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याच्यासमोरच कुसाबाईला फोन लावला. ऑफिसातून बोलतेय, तुम्ही खरंच भाव बघता का, एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला.

“बाई आहे खरी,” त्या म्हणाल्या. “पण अकराशे माणसं काही...”

तिकडे कुसाबाईने ग्रुपवर बोलून टाकलं होतं: हापिसातून बाईमाणसाचा फोन आला, भाव बघता का म्हणून इचारतीय, कायतरी शिजतंय.

भिंतीवरच्या पडद्यावर माणसांचा आकडा दिसत होता. तो छत्तीस होता. मग दोनशे झाला. मग सातशे. मॅडम उभ्या राहिल्या. तेराशे चाळीसवर आकडा थिजला आणि जुनी साइट त्यांच्या डोळ्यांदेखत पडली.

मग मॅडमनी हर्षलचा कागद पुढे ओढला, अकराशेवर काट मारून दोन हजार लिहिलं आणि सर्व्हर त्याच मापाचा घ्यायचा, असं सांगितलं.

“आणि माझी नोकरी, मॅडम?”

“राहील. कायम मात्र महिन्याने करू,” त्या म्हणाल्या. “तुझा आकडा दोनशे चाळीसने चुकलाय.”

आणि सायखेड्याला कधी जायचं ते कळव, फक्त बुधवार सोडून, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. फॅन त्यांना स्वतः बघायचा होता.