शेवटच्या शब्दाची खुर्ची

आम्हा ज्यू लोकांत माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. एक, दोन, तीन करत बोट दाखवलं की नजर लागते म्हणतात, आणि खरंच, माणसं म्हणजे काय मेंढरं आहेत? म्हणून आमचे हजान, प्रार्थना चालवणारे हस्केलकाका, दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणतात आणि एकेका पुरुषाकडे बोट नेत एकेक शब्द सोडतात. शेवटचा शब्द 'हाओलाम', म्हणजे सदासर्वकाळ. तो कुणावर तरी पडला की दहा पुरे झाले. दहा झाले तरच मेलेल्या माणसासाठी कद्दिश, म्हणजे त्याच्या नावाची प्रार्थना, म्हणता येतं. बायका कितीही असोत, आम्ही या मोजणीत नाही. त्यावर माझं भांडून झालेलं आहे.

संत तुकाराम नगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या, हेच आमचं प्रार्थनाघर. तिथं तो शेवटचा शब्द वर्षानुवर्षं दाराजवळच्या खुर्चीवर पडायचा, कारण तिथं माझे मिस्टर शिमशोन बसायचे. कंपनीतून सुटले की सगळ्यांना फोन करून गोळा करायचं काम त्यांचं, त्यामुळे आत येणारे ते कायम शेवटचे. ते गेले आणि दहाचे नऊ उरले. म्हणजे बघा, शिमशोनसाठी कद्दिश म्हणायला नेमके शिमशोनच कमी पडत होते. हे मी वर्षभर लोकांना हसत सांगायचे. लोक हसायचे नाहीत.

रडू मला आलंच नाही. दफनाच्या वेळी पुण्याहून माणसं आली, कद्दिश झालं, मी शेजारच्या माणसाची टोपी किती मळलीय ते बघत उभी होते. नंतर जेवणाची चव गेली. भाजीत मीठ टाकलं की नाही तेही कळेना. आमच्या घराच्या वर राहणाऱ्या सुमनताई चाखून सांगायच्या तेव्हा समजायचं. प्रार्थनेच्या दिवशी मात्र मी न चुकता सगळ्यांच्या आधी यायचे, दाराजवळची ती घडीची खुर्ची पुसायचे आणि तिच्यावर शिमशोनची टोपी ठेवायचे. खुर्ची उघडीच असायची. मिटायला कुणी धजलं नाही, आणि मला कुणी काही बोललंही नाही.

आज त्यांचं वर्ष. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे कद्दिश हस्केलकाका म्हणणार. शिमशोननी हॉस्पिटलात एकच गोष्ट मागितली होती. "मिल्का, एकदा तरी माझं कद्दिश आपल्या खोलीत होऊ दे." पुण्यात चार ठिकाणी झालं असतं, पण हट्टी माणूस. आमची तिथी सूर्य बुडाला की संपते. आज संध्याकाळी झालं तर झालं.

आणि आज दहावा सापडला होता. रूबेन नावाचा मुलगा, नुकताच ठाण्याहून बदली होऊन हिंजवडीत आलेला. "आंटी, नक्की येतो," म्हणाला होता.

मी सकाळीच मलिदा केला. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, वर फळं. संध्याकाळी तो प्रार्थनाघरात नेला, आणि मागोमाग सुमनताई केळी घेऊन आल्या. त्या मूळच्या चाकणकडच्या.

"आलं का तुमचं धाव्वं मानूस?"

"येतोय. गाडीत आहे."

"हिंजवडीतनं? मंग आलंच म्हना!" त्या दारातच बसल्या. "आवो, न्हाईच आलं तर आमच्या ह्यांना बसवा की. टोपी घालत्यात, गप ऱ्हात्यात. कुनाला कळतंय?"

"देवाला कळतं ना, सुमनताई."

"त्येबी खरं हाय," त्या म्हणाल्या आणि केळी सोलायला लागल्या.

आमचा पवित्र ग्रंथ पश्चिमेच्या भिंतीला, कपाटात असतो, कारण यरुशलेम तिकडे. शेजारीच खिडकी. त्यामुळे प्रार्थनेला उभं राहिलं की सूर्य कुठवर आलाय ते दिसतं. माणसं येऊन बसली. एफ्राईम आणि त्याचा भाऊ कंपनीचा गणवेश घालूनच आले होते, त्यांना रात्रपाळी. रूबेनचा फोन आला. गाडी जागची हलत नव्हती, तो उतरून चालायला लागला होता, आणि अजून वाकडच्या पुलापाशीच होता. रडवेला झाला होता पोरगा. मीच त्याला म्हटलं, असू दे. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं एवढं कळत होतं.

सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीला टेकला. हस्केलकाका उठले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला तयार नाहीत. वर्षभर नऊच जमायचे म्हणून त्यांनी मोजलंच नव्हतं; आज दहावा येणार होता, आणि रूबेन पोचत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात छातीवर ठेवून पहिला शब्द स्वतःवर म्हटला. मग बोट भिंतीच्या कडेनं फिरत गेलं, एकेक शब्द, एफ्राईम, त्याचा भाऊ, आणि तसंच सवयीनं दारापर्यंत आलं.

"हाओलाम."

बोट शिमशोनच्या खुर्चीवर होतं. टोपीवर.

काकांचा चेहरा उजळला. "झाले," ते म्हणाले, "सगळे आहेत," आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

मी सगळ्यांकडे बघितलं. त्यांना दिसलं होतं. एकूण एक माणसाला दिसलं होतं, आणि एकूण एक माणूस खाली फरशीकडे बघत होता. माझ्यासाठी. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि शिमशोनचं कद्दिश त्यांच्या खोलीत, त्यांच्या तिथीला झालं असतं.

स्वतःच्या आईच्या वर्षाला नऊच जमले, तेव्हा याच शिमशोननी सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवलं होतं. रात्रभर कुशी बदलत होते, पण खोटं मोजलं नाही.

"काका, थांबा," मी म्हणाले. "ती खुर्ची रिकामी आहे."

"रिकामी कशी? शिमशोन आहे की," वर्षानुवर्षांच्या सवयीनं काकांच्या तोंडून निघून गेलं.

एफ्राईम हळूच म्हणाला, "मिल्कामावशी, असू द्या ना. आम्ही काही बोललो का?"

"शिमशोन नाहीत, काका," मी म्हणाले. "ते नाहीत तिथं. ते गेले."

वर्षभरात हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. 'दहाचे नऊ झाले' म्हणत होते, 'कमी पडतात' म्हणत होते. गेले असं म्हटलं नव्हतं. आणि म्हटल्याबरोबर ते गेले, तिथंच, माझ्यासमोर, आणि मी एवढ्या पुरुषांदेखत तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडले.

काकांनी बोट मागे घेतलं आणि पुस्तक मिटलं. टाकीमागचा सूर्य दिसेनासा झाला तरी कुणी जागचं उठलं नाही.

शेवटी मीच उठले. टोपी पर्समध्ये ठेवली आणि खुर्ची मिटायला गेले, तर बिजागरी गंजून बसली होती. एफ्राईम आला. त्यानं गुडघा लावून जोर दिला, मी दुसरीकडून दाबलं, तेव्हा कुठं ती करकरत मिटली. आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली.

मग सुमनताईंनी न विचारताच मलिदा वाटायला घेतला. माझ्या हातावर ठेवला, मी खाल्ला.

"साखर फार झालीय," मी म्हणाले.

सुमनताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "लईच झालीया." आणि त्याही रडायला लागल्या.