चुका सुधारणारं दुकान

आपल्या थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी तिने खुर्च्या दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि तेही थोरल्या दिरांच्या दुकानासमोर.

दिरांचं दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर दिरांनी तिला बाहेरचा रस्ता दाखवला. सही येत नाही, दुकान काय चालवणार, असं म्हणून चार गिऱ्हाइकांदेखत तिचं नाव अंगठेबाई पाडलं. तिने ते गिळलं, पण पचवलं नाही. लोकांच्या घरी जाऊन खुर्च्या विणल्या, धाकट्या लेकीकडून अक्षरं शिकली, आधी मराठी, मग इंग्रजी. दिरांनी एकदा स्वतःच्या तोंडाने ‘चुकलं माझं’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

दिरांचा हात घाईचा. हलणारा सांधा उकलून सरस लावायचा सोडून ते सरळ खिळा ठोकत. वर्षभरात लाकूड चिरे, आणि गिऱ्हाईक खुर्ची घेऊन हिला शोधत येई. उपटलेले खिळे ती एका काचेच्या बरणीत साठवी.

पाटीवर इंग्रजीत काय लिहू, असं पेंटरने विचारलं. धाकटीने शब्द समजावले. रिपेअर म्हणजे मोडलेलं चालतं करणं. इम्प्रूव्ह म्हणजे बरं आहे ते आणखी चांगलं करणं. करेक्ट म्हणजे झालेली चूक सुधारणं.

“करेक्ट लिही,” ती म्हणाली.

“मावशी, खुर्चीला असं कुणी म्हणत नाही. लोक हसतील.”

“हसू देत. हसले की विचारतील.”

तसंच झालं. जो तो विचारी, चुका कुणाच्या? ती बरणी पुढे सरकवी आणि रस्त्यापलीकडे बघे. बघता बघता दिरांचं गिऱ्हाईक आटलं.

एके सकाळी दीर स्वतः आले. हातात तिच्या नवऱ्याने घडवलेली खुर्ची, मागच्या पायात तीन खिळे.

“एवढी रिपेअर करून दे. त्याच्या हातची आहे.”

“इथे रिपेअर होत नाही, भाऊजी. पाटी वाचा. चूक कुणाची ते सांगा, आत्ता करून देते.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दीर पाटीकडे बघत उभे राहिले. खुर्ची उचलून ते माघारी वळले. तिचा हात सरसाच्या भांड्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला.

थोरले दीर पुढच्या वर्षी, जुळ्यांचा पहिला वाढदिवस झाला त्याच महिन्यात, छातीत कळ येऊन वारले.