अहो, तिथे ब्रेक नाहीये

मित्रांनो, मी एक जुना रबरी तुकडा आहे. मोटारीच्या ब्रेकच्या पेडलवर बसवतात ना, तो. तुमच्या तळहातापेक्षा लहान, काळा, आणि आता पार गुळगुळीत.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर आडव्या खाचा होत्या आणि मधोमध कंपनीची खूण होती. त्या खुणेचा मला फार गर्व होता. दुसऱ्यांनी बनवलेल्या, बाहेरच्या मालावर ती नसते. त्याच साच्यातून निघालेला माझा जुळा भाऊ क्लचवर बसला, आणि माझा हेवा तिथूनच सुरू झाला. मुंबईच्या गर्दीत क्लचवरून पाय हलत नाही. अॅक्सिलरेटरचं तर विचारूच नका. गाडी पळाली की कौतुक त्याचं. गाडी वेळेवर थांबली तर कौतुक कुणाचंच नाही.

गिरगावातल्या शरच्चंद्र आणि कालिंदी या जोडप्याने आमची गाडी घेतली. लायसन्स दोघांकडे होतं, पण गाडी चालवायच्या कालिंदीबाई. शरच्चंद्र डावीकडे बसायचे. पुढे बस दिसली, हातगाडी दिसली, की ते आपला पाय समोरच्या मॅटवर जोरात दाबायचे. जणू तिथेही एक ब्रेक होता. कालिंदीबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "अहो, तिथे ब्रेक नाहीये."

सुरुवातीला त्या चिडून म्हणायच्या, मग सवयीने, आणि पुढे पुढे हसून. त्यांची लेक अनुजा लहानपणी मागच्या सीटवरून आईच्या आधीच ते वाक्य म्हणून टाकायची.

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. गाडी थांबवायचो मी, आणि बाईंचं बोलणं मात्र त्यांच्याशी. घर आलं की दोघं बरोबर जिना चढायची आणि मी खाली अंधारात राहायचो. माझ्याकडे एकच गोष्ट होती. बाईंचा पाय. त्या टाच खाली टेकवून चवड्याने मला हळू दाबायच्या. वर्षानुवर्षं तो पाय एकाच जागी पडला आणि माझी उजवी कड झिजली. आधी तिथल्या खाचा गेल्या, मग बाकीच्या. क्लचवरचा भाऊही झिजला होता, पण सगळीकडून सारखा. माझ्याकडे बघून मात्र सांगता आलं असतं, पाय कुणाचा आणि तो कसा पडायचा.

गाडीचं काम निघालं की बाई लालबागला जयवंतच्या गॅरेजमध्ये जायच्या. त्यांचं सांगणं ठरलेलं असायचं. बाकी काहीही घाल, पण ब्रेकमध्ये बाहेरचा माल नको, कंपनीचाच हवा. जयवंत खोकं आणायचा आणि बाई ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून, त्यावरची खूण बघायच्या. त्या खोक्यांतल्या प्रत्येक ब्रेक पॅडचा मी हेवा केला. मला त्यांनी हातात कधीच घेतलं नव्हतं.

मग बाई आजारी पडल्या. परळच्या इस्पितळात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि गाडी शरच्चंद्र चालवू लागले. त्यांचा बूट जड होता. बाई आता डावीकडे बसायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त हेवा कुणाचा केला असेल, तर त्या मॅटचा. धुळीने भरलेली, कडा फाटलेली मॅट, आणि बाईंचे पाय तिच्यावर टेकलेले.

शरच्चंद्र ब्रेक उशिरा लावायचे. टॅक्सी आडवी आली की गाडी गचका खाऊन थांबायची. पण बाईंनी मॅटवर पाय एकदाही दाबला नाही. शरच्चंद्रांनी एकदा विचारलंही, "तुला भीती नाही वाटत?"

"तुम्ही आहात ना तिथे," बाई म्हणाल्या.

मीही होतो. पण रबराचं कोण ऐकतं!

एका दुपारी शरच्चंद्र परळहून एकटेच परत आले. त्यानंतर गाडी इमारतीखाली उभीच राहिली. तिच्यावर पानं साचली, चाकं बसली, ब्रेक जाम झाले. शीवला राहणारी अनुजा येऊन म्हणायची, बाबा, एक तर गाडी विका, नाही तर चालवा. शेवटी दोघांनी ती जयवंतकडे नेली.

जयवंतने चाकं काढून बघितलं आणि सांगितलं की ब्रेकचं सगळंच बदलावं लागेल. पण या गाडीचे भाग कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. बाहेरच्या एका चांगल्या मेकचे येतात, ते घालू. शरच्चंद्र ऐकेनात. तिने ब्रेकमध्ये बाहेरचा माल कधी घालू दिला नाही, एवढंच ते म्हणत राहिले. ऑपेरा हाउसच्या बाजूची सुट्या भागांची दुकानं ते स्वतः पालथी घालून आले. पॅड मिळाले नाहीत. तेव्हा मान खाली घालून त्यांनी बाहेरच्या मालाला हो म्हटलं.

जयवंत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हे रबरपण काढतो. साबणाची वडी झालीय."

"ते राहू दे."

"पाय घसरंल हां."

"राहू दे म्हटलं ना."

मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद चांगला नव्हता. नवेकोरे पॅड आले, नळ्या आल्या, पण बाईंच्या वेळचा फक्त मी उरलो. आता हेवा त्यांनी करावा, असं मला वाटलं.

पुढच्याच रविवारी शरच्चंद्र अनुजाला सोडायला शीवकडे निघाले. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांसमोर नेहमीची गर्दी होती. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्यात उतरली. शरच्चंद्रांनी ब्रेक मारला आणि त्यांचा बूट माझ्या झिजलेल्या कडेवरून सटकला. कालिंदीबाईंच्या पायाची खूण होती, नेमकी तिथून. अनुजाने हँडब्रेक खेचला. त्या बाईच्या पिशवीला टेकून गाडी थांबली.

बाईबरोबरचा माणूस खिडकीत वाकला. "काका, ब्रेक हाय का नुसता शोला लावलाय?" म्हणाला, आणि बायकोला हाताला धरून घेऊन गेला.

शरच्चंद्रांनी गाडी कडेला घेतली. "बाबा, ब्रेक तर नवे आहेत ना?" अनुजाने हळूच विचारलं.

"ब्रेक चांगले आहेत. पाय घसरला." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाकून माझ्याकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला पेडलवरून ओढून काढलं. अनुजा आणि ते मला घेऊन ऑपेरा हाउसला गेले. असंच हवं, कंपनीचं, असं म्हणून त्यांनी मला काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने माळ्यावरून एक धुळकट पाकीट शोधून काढलं. त्यात माझ्यासारखाच एक होता. त्याच खाचा, तीच खूण, आणि अंगावर एक ओरखडा नाही. हेव्याने मी जळून गेलो. शरच्चंद्रांचे डोळे मात्र चमकले.

अनुजाने तो हातात घेऊन जरासा वाकवला. खाचेखाचेतून बारीक चिरा पडल्या. दुकानदार म्हणाला, माळ्यावर पडून पडून रबर मरतं. मग त्याने दुसरा दिला, बाहेरचा. ना खूण, ना नाव. पण वाकवला की परत सरळ व्हायचा.

शरच्चंद्रांनी दोन्ही नवे तुकडे हातांत घेतले. मग ते म्हणाले, "तुझी आई खूण बघायची. पण आधी पाय ठेवून बघितला असता तिने." त्यांनी दोघांना दुकानाच्या फरशीवर ठेवलं आणि एकेकावर बूट दाबून बघितला. कंपनीवाला फरशीवरून सरकला. बिननावाचा जागेवर राहिला.

"हे द्या," ते म्हणाले.

जयवंतने नवा तुकडा पेडलवर बसवला आणि मला भंगाराच्या डब्यात टाकायला हात उचलला. शरच्चंद्रांनी मला त्याच्या हातातून घेतलं, रुमालाने पुसलं, आणि म्हणाले, डावीकडच्या मॅटवर चिकटवून दे.

"काका, तिथं काय उपयोग?"

त्यांनी मला मॅटवर ठेवून जागा दाखवली. जयवंतने चिकटवायचं सोल्युशन लावलं.

घरी येताना लालबागच्या नाक्यावर एक बस अचानक पुढे आली. शरच्चंद्रांनी ब्रेक लावला, आणि नव्या तुकड्याने गाडी अलगद थांबवली. त्याच वेळी डावीकडे बसलेल्या अनुजाचा पाय माझ्यावर घट्ट दाबला गेला.

रस्त्यावरची नजर न काढता शरच्चंद्र म्हणाले, "अनू, तिथे ब्रेक नाहीये."

बोलून झाल्यावर ते कुणाचं वाक्य होतं, हे दोघांनाही कळलं. बस निघून गेली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी गाडी थोडा वेळ तिथेच उभी होती.

मित्रांनो, पलीकडच्या त्या बिननावाच्या रबराचा मला आजही हेवा वाटतो. काम तो करतो. पण एक सांगतो, जुन्या वस्तू जपा, हवं तर रुमालाने पुसून जवळ ठेवा. मात्र जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती वस्तू खूण बघून निवडू नका, पाय ठेवून बघा. मला कुणी भंगारात टाकलं नाही. जिथे बाईंचे पाय शेवटी टेकले होते, त्या मॅटवर मी आहे. मॅटचा हेवा करायचं आता मी सोडलंय.