पावणेतीन तासांची बॅटरी

माझं कामच नाक मुरडण्याचं आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत न सांगता जायचं, ओट्याखाली टॉर्च मारायचा, फ्रिजच्या रबरात बोट घालून वास घ्यायचा आणि मालकाचा चेहरा उतरेपर्यंत कागदावर लिहीत राहायचं. एकवीस वर्षं हे केल्यावर मला आता कशाचीच किळस येत नसेल, असं लोकांना वाटतं. खोटं आहे. येते, आणि बाबांच्या गाण्यांच्या डबीची जेवढी आली तेवढी कुठल्या उंदराच्या लेंड्यांचीही आली नाही.

डबी म्हणजे खिशात मावणारा म्युझिक प्लेअर. धाकट्या भावाने आणून दिला, "चाळीस तास चालतो," असं सांगितलं आणि आपल्या घरी निघून गेला. खोक्यावरही चाळीसच छापलं होतं. पहिल्या महिन्यात तो सहा तास चालला, दुसऱ्या महिन्यात पावणेतीन. मागचं रबर चिकट झालं होतं. हातात घेतलं की कुणीतरी चाटून ठेवल्यासारखं वाटायचं. इयरफोनच्या बोंडांत बाबांच्या कानातला मळ साचायचा. दर रविवारी मी तो टाचणीने काढायचे आणि मग तासभर मला चहा जायचा नाही.

पण ते ध्यान फेकून देता येत नव्हतं. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, सुया टोचून डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायचं. पस्तीस वर्षं घरोघर टपाल वाटत हिंडलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी "मला सोडा" म्हणून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. शेवटी आमच्यात ठरलं: गाणी चालू आहेत तोवर बाबा बसणार, गाणी थांबली की उठणार. बाबा शब्दाला पक्के. त्यांच्या जिवाभावाची दोनशे गाणी मी त्यात भरून दिली. मोबाइल नको म्हणाले, ऐन तानेच्या वेळी कर्ज हवंय का विचारणारी बाई मध्ये येते.

आता पावणेतीन तासांनी डबी मान टाकायची आणि बाबा सिस्टरना हाक मारायचे. रक्त अर्धवट धुतलेलं, अंगात पाणी राहिलेलं, पाय सुजलेले, अशा अवस्थेत घरी यायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दर वेळी सव्वा तास बुडतोय. हे असंच चाललं तर वर्ष काढणार नाहीत ते."

वर्ष. कुणाच्या तरी भिकार बॅटरीपायी.

मी जे जे करता येईल ते केलं. स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला. बिनवायरचे इयरफोन काढून वायरचे आणले. आवाज घुमवणारं बटण बंद केलं. पॉवर बँक जोडून पाहिली, तर पिन इतकी सैल की बाबांनी कूस बदलली तरी निसटायची. मग दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने पाठ उघडली आणि आतली बॅटरी दाखवली. नासलेल्या दुधाच्या पिशवीसारखी टम्म फुगली होती.

त्याने नवी बसवली. मी घरी डबी लावून ठेवली, तर नऊ तास वाजत राहिली. हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी बाबांना वॉर्डात सोडून कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर बाबा कॉटवर पाय वर करून पडलेले.

"मेली गं आजही," ते म्हणाले. "पावणेतीन तासांत."

मी डबी घेऊन दुकानात गेले आणि त्या माणसाला चारचौघांत चोर म्हणाले. त्याने शांतपणे आणखी एक नवी बॅटरी बसवली आणि म्हणाला, "ताई, माझ्याकडे दिवसभर चालते. तिकडे तुमचे बाबा तिचं करतात काय, ते एकदा बघा." मी त्याच्या काउंटरवरच्या धुळीवर बोट फिरवून त्याला दाखवलं आणि बाहेर पडले. पुढच्या डायलिसिसला डबी पुन्हा पावणेतीन तासांत मेली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कधीही कुठल्या स्वयंपाकघरात सांगून जात नाही, आणि बाबांना मात्र दर वेळी सांगून सोडत होते: "मी निघते, पाचला घरी भेटू."

त्या शुक्रवारी तसंच सांगून निघाले आणि अडीच तासांनी परत आले. वॉर्डाच्या दाराशी स्वच्छ चादरींची गाडी उभी होती, तिच्याआड उभी राहिले. बाबांचे डोळे मिटलेले, कानात बोंडं. मग त्यांनी डोळे उघडले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मोकळ्या हाताने छातीवरची डबी उचलली आणि बाजूचं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. डबी खाली ठेवली.

"सिस्टर," त्यांनी हाक मारली, "संपली बघा बॅटरी."

सिस्टर लवकर उठण्यासाठी सही करायचा कागद घेऊन निघाल्याच. त्यांना सवय झाली होती. मी त्यांच्या आधी खुर्चीपाशी पोचले, डबी उचलली आणि चालू केली. सत्तर टक्के.

"किळस येते मला तुमची," मी म्हणाले. स्वतःच्या बापाला म्हणाले, भर वॉर्डात. "दुकानदाराला चोर म्हणून आले मी."

सिस्टर म्हणाल्या, "काका, मी दोन मिनिटांत येते," आणि पलीकडे गेल्या.

"आधी खरंच संपायची," बाबा म्हणाले. "मग तू नवी घातलीस."

"तुमच्यासाठीच घातली ना? चौथा तास जड जातो, पाय वळतात, तर तसं सांगायचं मला."

"पाय वळतात, त्याचं काही नाही. तेवढं सोसतो मी."

"मग कशाचं?"

त्यांनी बोंडं कानांतून काढून माझ्या तळहातावर ठेवली. "या गाण्यांचा वीट आलाय मला. परवा सकाळी शेजारच्यांच्या रेडिओवर यातलं एक लागलं, आणि मला घरात बसून या खोलीचा वास आला. रक्ताचा, त्या औषधाचा. ओकारी आली गं. लग्नाआधी तुझ्या आईला म्हणून दाखवायचो मी ते गाणं."

मी बोंडांवर मूठ मिटली.

"तुला कसं सांगणार," ते म्हणाले. "एवढी धडपड करत होतीस ती वाजत राहावी म्हणून."

मी डबी बंद केली, वायर गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. स्वतःचीच किळस वाटत होती. सिस्टर परत आल्या, तर बाबांनीच हात हलवून कागद नको म्हणून सांगितलं.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"सव्वा तास, काका."

"बसतो. गाण्यांशिवाय बसतो."

मी स्टूल ओढून घेतलं. साडेतीन तासांच्या सुमाराला त्यांची पोटरी दगडासारखी वळली, ती मी दोन्ही हातांनी चोळत राहिले. ते ओठ दाबून छताकडे बघत होते. पूर्ण चार तास झाले तेव्हा सिस्टरनी सुया काढल्या.

"घरी गेल्यावर यातलं सगळं पुसून टाकते," मी म्हणाले.

"पुसू नकोस," बाबा म्हणाले. "राहू दे. वास गेला तर ऐकेन."