कुकीची रंगीत तालीम

समाजाच्या इतिहासात आजचा रविवार सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल, असं अध्यक्ष जीवराम आबांनी जळगावच्या मंगल कार्यालयात माइकवरून जाहीर केलं. तेव्हा निम्मा समाज पोह्यांच्या रांगेत होता.

सुलक्षणाने मात्र पोह्यांची बशी तशीच बाजूला ठेवली होती. समाजाची वधू-वर वेबसाइट ती धुळ्यात बसून सांभाळायची. हातात दुसरं मोठं काम नव्हतं. हे गेलं की धुळं सोडून पुण्याला नोकरी शोधायची, हे घरात ठरून गेलेलं. आणि ते जायला एक फोन पुरेसा होता.

झालं होतं असं. साइटवरचा लॉगिनचा चौकोन बाहेरच्या एका कंपनीचा होता. आत कोण आलंय हे लक्षात राहावं म्हणून ती कंपनी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये आपली खूण ठेवायची. तीच थर्ड-पार्टी कुकी. अशा परक्या खुणा आता बंद होणार, असं ब्राउझरवाल्यांनी कळवलं. म्हणजे प्रत्येक स्थळ बघताना पुन्हा लॉगिन. म्हणून सुलक्षणाने लॉगिन साइटच्या स्वतःच्या घरात आणलं; आधीच आत असलेल्यांना आतच ठेवलं. पासवर्ड काढून, नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणीतल्या मोबाइलवर ओटीपीचा कोड जाईल, असं केलं. जुन्या फॉर्मांवरचे मोबाइल नंबर होते तसे उचलले. आज परक्या खुणा बंद करून बघायची रंगीत तालीम होती.

चिटणीस रतिलालभाऊंना वेबसाइटऐवजी स्थळांची छापील पुस्तिका परत हवी होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो असे. ‘एकाचा जरी फोन अडला तरी पुस्तिका,’ हे त्यांनी आबांकडून वदवून घेतलं होतं.

“सेटिंगमध्ये जा आणि फक्त थर्ड-पार्टी कुकी बंद करा,” सुलक्षणा माइकवर म्हणाली. “दुसरं काही दाबू नका.”

समाजाने दुसरं सगळं दाबलं. होत्या नव्हत्या त्या कुकी पुसल्या गेल्या आणि अख्खा हॉल एका दमात साइटबाहेर आला. हरकत नाही, ओटीपी येईल. ती वाट बघत राहिली. एकाही हातातला फोन वाजला नाही.

“मन्हा कोड कोठे गया वं माय?” भडगावच्या कमलबाईंनी विचारलं.

“आमच्या दारूगोळा कारखान्यातली गोळी याच्या आधी पोचली असती,” वरणगावचे कुंदनभाऊ म्हणाले.

सुलक्षणाने लॅपटॉप बघितला. सगळे कोड गेलेले. पोचलेलेही. कुठे, देव जाणे. दहा मिनिटांत ते बाद होणार होते आणि त्यातली दोन संपली होती.

“आबा, लिहून घ्या,” रतिलालभाऊ म्हणाले. “पुस्तिका.”

त्यांचा खिसा घरघरत होता. त्यांनी वरून हात दाबला. घरघर थांबेना.

“रतिलाल, तुन्हा खिसामा काय वाजी ऱ्हायनं?” आबांनी विचारलं.

“घरून फोन आहे, आबा.”

“इतल्या बायका शेतस का तुले?”

हॉल हसला. कमलबाईंनी मागचापुढचा विचार न करता त्यांच्या खिशातून फोन उपसला आणि किंचाळल्या, “बठ्ठा कोड आठे शेतस!”

सगळ्यांचे कोड त्या एका फोनवर येऊन पडले होते. नोंदणीचे फॉर्म रतिलालभाऊंनी भरले होते. कुठल्याही स्थळाची चौकशी आपल्यामार्फतच व्हावी, म्हणून सगळ्यांपुढे त्यांनी स्वतःचाच नंबर घातला होता.

“वाच,” आबा म्हणाले.

रतिलालभाऊ वाचेनात. गप्प राहिलं की कोड आपोआप मरणार, हे त्यांना उमगलं होतं. सुलक्षणा त्यांच्या कानाशी गेली.

“भाऊ, एक तर कोड तुम्ही वाचा, नाही तर कोणाच्या पोरीची स्थळं तुमच्या फोनवर अडकली, ते मी माइकवर वाचते.”

रतिलालभाऊंनी माइक घेऊन एकेक मेसेज वाचायला घेतला. नाव, गाव, कोड. नाव, गाव, कोड. कोड कोणालाही सांगू नये, असं प्रत्येक मेसेजात होतं. घाईघाईत ते तेही वाचत होते. लोक माना खाली घालून बोटं चालवत होते, आणि मिनिट उरलं असताना शेवटच्या कमलबाई साइटच्या आत गेल्या.

वेबसाइट राहणार, असं आबांनी जाहीर केलं. सुलक्षणाने घरी फोन करून पुणं रद्द झाल्याचं सांगितलं आणि मगच गार पोहे खाल्ले.

मंगळवारी पेपरात बातमी होती: थर्ड-पार्टी कुकी बंद करण्याचा बेत ब्राउझरच्या कंपनीने सोडून दिला आहे.